तेरा-पाचचा नकाशा: पेनसिल्व्हेनियाच्या मतदारसंघांची गणिती तपासणी

२०१२, २०१४ आणि २०१६ या तिन्ही निवडणुकांत पेनसिल्व्हेनिया राज्याने अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १३ रिपब्लिकन आणि ५ डेमोक्रॅट पाठवले. तिन्ही वेळा आकडा तोच होता आणि कोणता मतदारसंघ कोणाकडे, तेही तसेच राहिले. मते मात्र हलत होती. डेमोक्रॅट उमेदवारांना राज्यभरात मिळून २०१२ मध्ये सुमारे ५१ टक्के मते पडली, २०१४ मध्ये ४४.५ आणि २०१६ मध्ये सुमारे ४६. मतांत सहा-साडेसहा टक्क्यांचा चढउतार होऊनही १८ पैकी एकही जागा हलली नाही. मतदारसंघांच्या सीमा मुद्दाम अशा आखल्या होत्या का, हा प्रश्न या आकड्यांतूनच उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकाशा रद्द केला. त्या निकालामागचे गणित काय होते, ते कुठवर पोचले आणि कुठे थांबले, याची ही मांडणी.

पार्श्वभूमी

२०१० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १,२७,०२,३७९ भरली आणि प्रतिनिधिगृहातील जागा १९ वरून १८ झाल्या. भागाकार केला की प्रत्येक मतदारसंघाच्या वाट्याला ७,०५,६८७ माणसे येतात आणि १३ उरतात. म्हणजे १३ मतदारसंघांत ७,०५,६८८ आणि ५ मतदारसंघांत ७,०५,६८७. इथेही तेरा आणि पाच आले, पण हा निव्वळ योगायोग आहे. त्या वेळी विधिमंडळाची दोन्ही सभागृहे आणि राज्यपालपद रिपब्लिकन पक्षाकडे होते. नव्या सीमांच्या कायद्यावर राज्यपाल टॉम कॉर्बेट यांनी डिसेंबर २०११ मध्ये सही केली.

पक्षीय फायद्यासाठी सीमा वाकवणे, म्हणजे जेरीमँडरिंग, अमेरिकेत जुने आहे. न्यायालयात ते टिकत नव्हते, कारण ‘किती वाकवले म्हणजे अती झाले’ याची मोजपट्टी नव्हती. याच राज्याच्या आधीच्या नकाशावरचा व्हिएथ खटला २००४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात याच कारणावर अडला. न्यायमूर्ती केनेडी यांनी मात्र, पुढे एखादी वापरण्याजोगी कसोटी सापडू शकेल, एवढी फट ठेवली होती. जून २०१७ मध्ये लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संघटना आणि राज्यातले काही मतदार यांनी राज्याच्याच न्यायालयात दावा लावला. त्यांचा मुख्य आधार पेनसिल्व्हेनियाच्या स्वतःच्या घटनेच्या पहिल्या प्रकरणातले पाचवे कलम होते: निवडणुका मुक्त आणि समान असतील.

आकार डोळ्यात भरतो, पण तेवढ्याने भागत नाही

या नकाशातला सातवा मतदारसंघ जगभर गाजला. त्याच्या वेड्यावाकड्या आकारामुळे लोक त्याला ‘डोनाल्ड डकला लाथ मारणारा गूफी’ म्हणत. पाच काउंट्यांचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे, तुकडे एकत्र बांधून तो केला होता. एका जागी त्याचे दोन भाग केवळ एका उपाहारगृहाच्या जागेने जोडलेले होते आणि दुसऱ्या जागी एका वैद्यकीय केंद्राच्या आवाराने. माँटगोमेरी काउंटीची लोकसंख्या आठ लाखांच्या जरा आत, म्हणजे एका मतदारसंघाहून थोडी जास्त. तिचे दोन तुकडे तर होणारच होते, प्रत्यक्षात पाच झाले.

आकाराचा बेढबपणा मोजायला दोन निर्देशांक सर्रास वापरतात. रिऑक निर्देशांकात मतदारसंघाच्या क्षेत्रफळाला, तो पूर्ण मावेल अशा सर्वांत लहान वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागतात. पोल्सबी-पॉपर निर्देशांकात क्षेत्रफळाला ४π ने गुणून परिमितीच्या वर्गाने भागतात. पूर्ण वर्तुळाला दोन्हींत १ मिळतो. २०११ च्या नकाशाची रिऑकची सरासरी ०.२७८ होती आणि पोल्सबी-पॉपरची ०.१६४. दुसरा आकडा किती खाली आहे हे पाहायचे तर १ किलोमीटर रुंद आणि १७ किलोमीटर लांब अशी सरळ पट्टी घ्या. क्षेत्रफळ १७, परिमिती ३६, निर्देशांक सुमारे ०.१६५. राज्यातल्या अठराही मतदारसंघांची सरासरी या पट्टीएवढी होती.

तरीही या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. पोल्सबी-पॉपरमध्ये परिमितीचा वर्ग येतो आणि परिमिती नकाशा किती बारकाईने काढला यावर ठरते. नदीकाठ ढोबळ रेघेने दाखवला तर एक उत्तर येते, प्रत्येक वळण धरले तर वेगळे. तोच मतदारसंघ, तीच माणसे, पण निर्देशांक खाली येतो. म्हणून दोन नकाशांची तुलना करताना दोन्हींच्या सीमा एकाच तपशिलाच्या फाइलींतून घेतल्या आहेत ना, हे आधी बघावे लागते. पण दुसरी अडचण याहून मोठी आहे: सुबक आकारातही पक्षपात लपवता येतो. या प्रकरणात पुढे नेमके तेच घडले.

वाया गेलेल्या मतांचा हिशेब

जेरीमँडरिंगची युक्ती दुहेरी असते. विरोधकांचे मतदार काही मोजक्या मतदारसंघांत कोंबायचे, म्हणजे तिथे ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त मतांनी जिंकतात. उरलेले इतरत्र पातळ पसरवायचे, म्हणजे तिथे ते सगळीकडे हरतात. दोन्हीकडे मते वाया जातात. कार्यक्षमता तफावत हा निर्देशांक नेमकी हीच वाया गेलेली मते मोजतो. हरलेल्या उमेदवाराची सगळी मते वाया, जिंकलेल्याची निम्म्याच्या वरची वाया. दोन्ही पक्षांच्या वाया मतांतला फरक एकूण मतांनी भागायचा.

२०१२ चे आकडे घेऊन हे हातानेही करता येते. डेमोक्रॅट जिथे जिंकले त्या ५ मतदारसंघांत त्यांना सरासरी ७६.४ टक्के मते मिळाली. रिपब्लिकन जिथे जिंकले त्या १३ मध्ये त्यांची सरासरी ५९.५ टक्के होती. सोयीसाठी प्रत्येक मतदारसंघात १०० मते धरू. डेमोक्रॅट पक्षाची वाया मते: जिंकलेल्या ५ जागांवर प्रत्येकी २६.४, म्हणजे १३२; हरलेल्या १३ जागांवर प्रत्येकी ४०.५, म्हणजे ५२६.५. बेरीज ६५८.५. रिपब्लिकन पक्षाची: हरलेल्या ५ जागांवर प्रत्येकी २३.६, म्हणजे ११८. जिंकलेल्या १३ जागांवर प्रत्येकी ९.५, म्हणजे १२३.५. बेरीज २४१.५. फरक ४१७, एकूण मते १८००, उत्तर सुमारे २३ टक्के. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे ख्रिस्तोफर वॉर्शॉ यांनी न्यायालयापुढे २०१२ साठी २४ टक्के, २०१४ साठी १५ आणि २०१६ साठी १९ टक्के तफावत मांडली. तिन्ही वेळा कल एकाच बाजूला होता.

या निर्देशांकाची दुखणी ठाऊक असायला हवीत. एखाद्या जागेवर दुसऱ्या पक्षाचा उमेदवारच नसला तर तिथली मते जशीच्या तशी घेता येत नाहीत. उमेदवार असता तर किती पडली असती याचा अंदाज बसवावा लागतो आणि तो कसा बसवला यावर उत्तर दोन-चार टक्क्यांनी हलते. २०१४ आणि २०१६ चे आकडे नुसत्या एकूण मतांवरून काढले तर वॉर्शॉ यांच्यापेक्षा कमी येतात, त्याचे कारण हेच. दुसरे म्हणजे हा निर्देशांक एका विशिष्ट निवडणुकीच्या निकालावर टांगलेला असतो. चार जागा हजार-पाचशे मतांनी इकडच्या तिकडे गेल्या की तोच नकाशा निर्दोष दिसू शकतो.

आणि सर्वांत मोठा आक्षेप, जो बचाव पक्ष हमखास घेतो: फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गमध्ये डेमोक्रॅट मतदार आपणहून दाटीने राहतात. तिथल्या मतदारसंघांत त्यांची मते वाया जाणारच, त्यासाठी नकाशा काढणाऱ्याची हातचलाखी लागत नाही. आक्षेपात तथ्य आहे. तफावत २४ टक्के आहे एवढे सांगून त्यातली भूगोलाची किती आणि हेतूची किती, हे कळत नाही.

हजार पर्यायी नकाशे

हा गुंता सोडवायचा मार्ग असा: पक्षाचे नावही न घेता, केवळ कायदेशीर आणि रूढ निकष पाळून या राज्याचे पुष्कळ नकाशे संगणकाकडून काढून घ्यायचे. त्या प्रत्येकात लोक जिथे राहतात तिथेच राहतात. म्हणजे भूगोलाचा कल सगळ्यांत आपोआप उतरतो. मग प्रत्यक्षातला नकाशा या गर्दीत कुठे बसतो ते बघायचे.

मिशिगन विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ जोवी चेन यांनी असे दोन संच केले, प्रत्येकी ५०० नकाशांचे. पहिल्या संचात निकष चारच: समान लोकसंख्या, सलगता, आटोपशीर आकार आणि काउंट्या व नगरपालिकांचे शक्य तितके कमी तुकडे. दुसऱ्या संचात यावर आणखी एक अट घातली: विद्यमान १९ पैकी १७ प्रतिनिधी शक्यतो एकमेकांच्या मतदारसंघात येऊ नयेत. विद्यमान सदस्यांना सांभाळताना नकाशा तसा झाला, असे कोणी म्हणेल, म्हणून हा दुसरा संच. मते मोजायला त्यांनी २००८ आणि २०१० च्या राज्यव्यापी निवडणुकांचे आकडे घेतले. ही निवड महत्त्वाची आहे. २०११ मध्ये नकाशा काढणाऱ्यांच्या हातातले सर्वांत ताजे आकडे हेच होते, आणि राज्यव्यापी लढतीत उमेदवार सगळीकडे एकच असल्याने मतदारसंघागणिक उमेदवाराचा प्रभाव मिसळत नाही.

पहिल्या संचातल्या नकाशांत ११ ते १६ काउंट्या तुटल्या, २०११ च्या नकाशात २८. नगरपालिका ४० ते ५८ तुटल्या, २०११ च्या नकाशात ६८. रिपब्लिकन जागा ७ ते १० येत होत्या. १३ जागा दोन्ही संचांतल्या एक हजार नकाशांपैकी एकाही नकाशात आल्या नाहीत.

सर्वांत बोलका आकडा सरासरी आणि मध्यक यांतल्या फरकाचा होता. अठरा मतदारसंघांतली एका पक्षाची टक्केवारी चढत्या क्रमाने मांडायची, मधल्या दोघांची सरासरी म्हणजे मध्यक, आणि तो एकूण सरासरीपासून किती दूर आहे ते बघायचे. चेन यांच्या नकाशांत हा फरक शून्याच्या थोडा वर ते ४ टक्के असा पसरला होता, बहुतेकांत २ ते ३. कल रिपब्लिकन बाजूचाच. म्हणजे बचाव पक्ष म्हणतो तो भूगोलाचा झुकाव खरोखरच आहे आणि त्याची किंमत दोन-तीन टक्के आहे. २०११ च्या नकाशात हा फरक ५.९ टक्के होता. भूगोलाच्या वाट्याचे सगळे दिल्यावरही उरते, तेवढ्याचाच जाब विचारायचा होता.

आणखी एक पळवाट बंद करावी लागली. फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मतदारांचे बहुमत असलेला मतदारसंघ राखण्यासाठी तिथे मतदार एकवटावे लागले, असा बचाव संभवत होता. म्हणून असा मतदारसंघ आपोआप तयार झालेले नकाशे वेगळे काढून तपासले. तेवढ्यानेही हा झुकाव समजावून सांगता येईना.

दिलेल्या नकाशापासून सुरुवात

चेन यांच्या पद्धतीवर गणितज्ञ एक प्रश्न हमखास विचारतात: हे ५०० नकाशे कशाचे प्रातिनिधिक आहेत? शक्य नकाशांची एकूण संख्या कल्पनेच्या पलीकडची आहे. नऊ बाय नऊ चौकटींच्या जाळ्याचे नऊ समान, सलग तुकडे करण्याच्या रीती ७०६ लाख कोटींहून जास्त आहेत. पेनसिल्व्हेनियात चौकटींच्या जागी सुमारे नऊ हजार प्रीसिंक्ट आहेत, म्हणजे एकेका मतदान केंद्राला जोडलेले परिसर. एवढ्या अवकाशातून सारख्या संभाव्यतेने नमुने निवडले आहेत, याची हमी देणारी रीत चेन यांच्याकडे नव्हती. बचाव पक्षाच्या तज्ज्ञांनीही नमुन्याच्या या प्रातिनिधिकतेवरच बोट ठेवले.

कार्नेगी मेलन विद्यापीठाचे गणितज्ञ वेस्ली पेग्डेन यांनी प्रश्नच फिरवला. मारिया चिकिना आणि ॲलन फ्रीझ यांच्याबरोबर त्यांनी २०१७ मध्ये एक प्रमेय प्रसिद्ध केले होते. त्यात सगळ्या नकाशांचा नमुना लागत नाही. वादातला नकाशा घ्यायचा आणि त्यात एक लहानसा फेरफार करायचा: दोन मतदारसंघांच्या सीमेवरचा एखादा प्रीसिंक्ट यदृच्छेने निवडून शेजारच्या मतदारसंघात टाकायचा. सलगता, लोकसंख्येची मर्यादा, आकार, काउंट्यांचे तुकडे या अटी मोडत असतील तर तो बदल रद्द. मग पुढचा. असे सुमारे एक लाख कोटी बदल केले आणि प्रत्येक टप्प्यावर पक्षीय कल मोजला.

तर्क साधा आहे. नकाशा निष्काळजीपणे, पण पक्ष न बघता काढलेला असेल तर त्याच्या आसपासचे नकाशे कधी जास्त कललेले, कधी कमी कललेले निघतील. बारीक बदल करताच कल जवळजवळ नेहमीच कमी होत असेल तर मूळ नकाशा टोकाला नेऊन ठेवलेला आहे. २०११ चा नकाशा वाटेत भेटलेल्या ९९.९९ टक्क्यांहूनही जास्त नकाशांपेक्षा अधिक कललेला निघाला.

प्रमेयाचे मोल पुढच्या पायरीत आहे. बदलांच्या या साखळीत मूळ नकाशाइतका टोकाचा कल ε एवढ्याच भागात दिसला, तर ‘हा नकाशा यदृच्छेने निवडला गेला’ या गृहीतकाखाली असे घडण्याची संभाव्यता जास्तीत जास्त √(2ε) असते. साखळी सगळ्या अवकाशात पुरेशी फिरली की नाही, हे सिद्ध करण्याची गरज उरत नाही. वर्गमूळ ही त्या सोयीची किंमत आहे. समजा ε दहा कोटींत एक आहे. दुप्पट करून वर्गमूळ घेतले की ०.०००१४, म्हणजे साधारण सात हजारांत एक. दहा कोटींवरून सात हजारांवर घसरण मोठी वाटते, पण न्यायालयात उलटतपासणीला उभा राहणारा आकडा हाच. ‘९९.९९९९९९ टक्के’ हा भारदस्त आकडा थेट संभाव्यता म्हणून वापरणे ही या विषयातली वारंवार होणारी चूक आहे.

प्रत्यक्ष काम करताना कुठे अडते

लेख वाचताना हे सगळे सुटसुटीत वाटते. संगणकावर मांडताना बहुतेक वेळ माहिती साफ करण्यात जातो. प्रत्येक प्रीसिंक्ट हा एक बिंदू, आणि ज्यांची सीमा एकमेकांना लागते असे दोन बिंदू रेषेने जोडलेले, अशा आलेखावर ही पद्धत चालते. पहिली अडचण जोडणीतच येते. दोन प्रीसिंक्ट केवळ एका कोपऱ्यात टेकत असतील तर ते शेजारी मानायचे का? सहसा नाही, पण नकाशांच्या फाइलीत बारीक फटी आणि एकमेकांवर चढलेल्या कडा असतात, त्यामुळे खरे शेजारी सुटतात आणि खोटे शेजारी लागतात. शिवाय पेनसिल्व्हेनियातल्या काही टाउनशिपचेच एकमेकांपासून सुटे तुकडे आहेत. अशा ठिकाणी सलगतेची अट आंधळेपणाने लावली तर संगणक कायमचा अडकतो. जोडणी हाताने दुरुस्त करावी लागते आणि केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवावा लागतो, कारण समोरचा तज्ज्ञ तीच फाइल मागणार असतो.

दुसरी अडचण: लोकसंख्या जनगणनेच्या गटांवर मिळते, मते प्रीसिंक्टवर. दोहोंच्या सीमा जुळत नाहीत, प्रीसिंक्टच्या तर दोन निवडणुकांच्या मध्येही बदलतात. मग मते लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून टाकावी लागतात. क्षेत्रफळाच्या प्रमाणात कधीही वाटू नयेत. मोठे रिकामे शेत आणि लहान दाट वस्ती एका प्रीसिंक्टमध्ये असतील तर सगळी मते शेतात जातात.

तिसरी अडचण समानतेची. कायद्याला एका माणसाहून जास्त फरक सहसा चालत नाही. संगणकी साखळी मात्र एक-दोन टक्के सूट दिल्याखेरीज हलत नाही, कारण पूर्ण प्रीसिंक्टच हलवता येतो. एक टक्का म्हणजे इथे सात हजार माणसे. ती तफावत नंतर जनगणनेचे काही गट इकडे-तिकडे करून शून्यावर आणता येते आणि त्याने पक्षीय आकडा जवळपास हलत नाही. पण हे गृहीत न धरता थोड्या नकाशांवर करून दाखवावे.

एकेक प्रीसिंक्ट हलवणारी साखळी फार सावकाश फिरते, आणि आकाराची अट सैल ठेवली तर मतदारसंघांच्या कडा झालरीसारख्या कातरल्या जातात. बेढब नकाशे संख्येने कितीतरी जास्त असतात, हे त्याचे कारण. यावर पुढे पुनर्संयोगाची रीत आली: शेजारचे दोन मतदारसंघ एकत्र करायचे, त्या भागावर यदृच्छेने एक विस्तारी वृक्ष (सगळे प्रीसिंक्ट जोडणारे, पण कुठेही वेढा न होणारे रेषांचे जाळे) काढायचा आणि दोन्ही बाजूंना समान लोकसंख्या येईल अशी एक फांदी तोडायची. एका पावलात शेकडो प्रीसिंक्ट हलतात आणि आकारही बरे येतात. आजचे बहुतेक काम या रीतीने चालते. तरीही वेगवेगळ्या नकाशांपासून सुरुवात करून शेवटी वितरण एकसारखे येते का, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

निकाल, आणि एक सुबक नकाशा

डिसेंबर २०१७ मध्ये कॉमनवेल्थ न्यायालयात, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाखालच्या एका न्यायालयात, साक्षी झाल्या. तिथल्या न्यायाधीशांनी नकाशा पक्षीय हेतूने काढला हे मान्य केले, पण घटनाभंग सिद्ध झाला नाही असे मत दिले. २२ जानेवारी २०१८ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बाजूला ठेवून नकाशा रद्द केला. ७ फेब्रुवारीच्या न्यायमूर्ती डेब्रा टॉड यांच्या सविस्तर निकालपत्रात चेन यांच्या नकाशांना मोठे स्थान होते. न्यायालयाने किमान निकषही सांगितले: आटोपशीर आणि सलग क्षेत्र, शक्य तितकी समान लोकसंख्या, आणि समानतेसाठी गरज असेल तेवढेच काउंट्या, शहरे व प्रभागांचे तुकडे.

विधिमंडळातल्या रिपब्लिकन नेत्यांनी ९ फेब्रुवारीला नवा नकाशा पुढे केला. तो दिसायला नीटनेटका होता. गूफी गेला होता, तुटलेल्या काउंट्या २८ वरून १५ वर आल्या होत्या. नुसता आकार पाहणाऱ्या कोणालाही तो पसंत पडला असता. राज्यपाल टॉम वुल्फ यांनी टफ्ट्स विद्यापीठाच्या गणितज्ञ मून डचिन यांच्याकडून तो तपासून घेतला. न्यायालयाने सांगितलेले निकष पाळणारे असंख्य नकाशे तयार करून त्यांनी तुलना केली. निष्कर्ष असा की पक्ष न पाहता, त्या निकषांवर काढलेला नकाशा रिपब्लिकन पक्षाला इतका अनुकूल निघण्याची शक्यता ०.१ टक्क्याहून कमी आहे. राज्यपालांनी तो नाकारला. या प्रकरणात शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट आमच्या मते हीच. २०११ चा नकाशा उघड्या डोळ्यांनाही संशयास्पद होता, तिथे गणिताने लोकांच्या संशयावर शिक्कामोर्तब केले. हा दुसरा नकाशा मात्र तुलनेशिवाय सापडला नसता.

मुदतीत सहमती झाली नाही, तेव्हा १९ फेब्रुवारीला न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी स्वतःचा नकाशा लागू केला. तो काढायला स्टॅनफर्ड विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक नॅथनिएल पर्सिली यांची मदत घेतली होती. पोल्सबी-पॉपर सरासरी सुमारे ०.३३, लोकसंख्येतला फरक जास्तीत जास्त एका माणसाचा. १३ काउंट्या तुटल्या: चार प्रत्येकी तीन तुकड्यांत, नऊ प्रत्येकी दोन.

हे तुकडे याहून कमी करता आले असते का, याचे उत्तर दोन ओळींत मिळते. ६७ काउंट्या आणि १८ मतदारसंघ हे बिंदू समजा. एखाद्या काउंटीचा तुकडा एखाद्या मतदारसंघात असेल तर त्यांच्यात रेषा. काही काउंट्यांची बेरीज नेमकी पूर्ण मतदारसंघांइतकी भरण्याचा योगायोग नसेल तर हा आलेख अखंड असतो, आणि अखंड आलेखात रेषा बिंदूंपेक्षा फार तर एकाने कमी असतात. म्हणजे किमान ८४ तुकडे. त्यातून ६७ काउंट्या वजा केल्या की १७ जादा तुकडे अटळ. न्यायालयाच्या नकाशात चार काउंट्यांचे प्रत्येकी दोन आणि नऊंचा प्रत्येकी एक असे जादा तुकडे येतात, म्हणजे ८ आणि ९ मिळून नेमके १७.

पुढे काय झाले

नोव्हेंबर २०१८ मध्ये ९ डेमोक्रॅट आणि ९ रिपब्लिकन निवडून आले. डेमोक्रॅट मते सुमारे ५५ टक्के होती. कार्यक्षमता तफावतीच्या ढोबळ सूत्रात (जागांचे पन्नासच्या वरचे टक्के वजा मतांच्या पन्नासच्या वरच्या टक्क्यांची दुप्पट) हे आकडे टाकले तर तफावत पुन्हा रिपब्लिकन बाजूला १० टक्के येते. पिट्सबर्गची जागा त्या वर्षी बिनविरोध गेल्याने एकूण मतांचे प्रमाण फुगले होते हे खरे, पण तेवढ्याने सगळी तफावत भरून निघत नाही. बाकीचा भाग भूगोलाचा. कार्यक्षमता तफावत शून्यावर आणणे हेच ध्येय ठेवले असते तर शहरे फाकेफाकेने कापून उपनगरांना जोडावी लागली असती, आणि मग निकषांतले काउंट्या-शहरांचे कलम मोडले असते. पर्यायी नकाशांची तुलना टोकाचा नकाशा ओळखते. मधल्या हजारो नकाशांपैकी कोणता निवडावा, याचे उत्तर तिच्यात नसते.

२०१९ मध्ये रुचो खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी, पक्षीय सीमांकनाचा प्रश्न संघीय न्यायालयांच्या कक्षेत येत नाही, असे ठरवले. तेव्हापासून हे पुरावे राज्यांच्या घटनांखालीच चालतात. पेनसिल्व्हेनियाचा निकाल राज्याच्या स्वतःच्या घटनेवर उभा असल्याने त्याला धक्का लागला नाही.

२०२० च्या जनगणनेनंतर राज्याच्या जागा १७ झाल्या. विधिमंडळ आणि राज्यपाल यांचे पुन्हा जमले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारांच्या बाजूने सादर झालेला, स्टॅनफर्डचे जोनाथन रॉडेन यांनी काढलेला नकाशा निवडला. २०१८ च्या नकाशात कमीत कमी बदल करणे हे त्यामागचे तत्त्व होते. त्या नकाशावर २०२२ मध्ये ९ डेमोक्रॅट आणि ८ रिपब्लिकन आले. २०२४ मध्ये सातवा आणि आठवा मतदारसंघ रिपब्लिकन पक्षाकडे गेले आणि आकडा १० विरुद्ध ७ असा उलटला.